पोलादी फ्रेम आणि पारखून घेतलेले सुटे भाग : आपली सायकल आपणच जुळवताना

गोव्यातील कितीतरी वाड्यांवर सकाळ अजूनही पोदेराच्या भोंग्याने उजाडते. पावांनी भरलेली टोपली मागे बांधलेली, वर प्लास्टिकचे आच्छादन, आणि खाली ती जुनी, जड, काळी सायकल. ती सायकल एकदा नीट न्याहाळून पाहावी. तिला गिअर नसतात, रंग जागोजाग उडालेला असतो, कधी एखाद्या सांध्यावर वेल्डिंगचा जाड डागही दिसतो. तरीही पावसापाण्यात, जांभ्या दगडाच्या चढउतारांवर, रोज पहाटे ती ओझे वाहते. तिच्या या चिवटपणाचे कारण एका शब्दात सांगायचे तर पोलाद.

अलीकडे पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा या भागांत हौसेने सायकल चालवणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. त्यांतील काहींना कधी ना कधी एक प्रश्न पडतो. दुकानातील तयार सायकल घेण्याऐवजी चांगली पोलादी फ्रेम आणावी आणि चाके, ब्रेक, गिअर, हँडल, सीट हे सारे आपल्या गरजेप्रमाणे निवडून ती जुळवावी, हे जमेल का? जमते. मात्र त्यासाठी हौसेइतकीच मोजपट्टीची गरज असते. या कामात पैसे वाया जातात ते बहुधा भाग वाईट निघाल्यामुळे नव्हे, तर चांगले भाग एकमेकांत न बसल्यामुळे. म्हणून काय, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने, हे आधी समजून घेतलेले बरे.

पोलादच का?

पोलाद जड असते, हे खरेच. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८५ ग्रॅम भरते, तर तेवढ्याच अॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. परंतु पोलादाचा ताठपणा अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असतो. त्यामुळे पोलादी नळी बारीक आणि पातळ ठेवता येते, अॅल्युमिनियमची मात्र जाड आणि फुगीर करावी लागते. पोलादी सायकलीची सडपातळ आकृती ही केवळ शोभा नाही. ती या गुणधर्मातून आलेली आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘क्रोमोली’ म्हणून विकले जाणारे पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक ताठ असते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ताठपणा दोहोंचा जवळपास सारखाच असतो. सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम मिसळल्यामुळे वाढते ती ताकद, म्हणजे कायमचे वाकण्यापूर्वी वा तुटण्यापूर्वी ताण सोसण्याची क्षमता. ताकद वाढली की नळीची भिंत पातळ करता येते आणि फ्रेम हलकी होते. त्यातही नळीच्या दोन्ही टोकांना, जिथे सांधे येतात तिथे, भिंत जाड आणि मध्यभागी पातळ ठेवण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच कंपनीने १९३५ साली आणलेले ‘५३१’ हे पोलाद पुढे कित्येक दशके उत्तम सायकलीची खूण बनून राहिले. आजही चांगल्या फ्रेमच्या नळीचे माप ०.९, ०.६, ०.९ मिलिमीटर असे तीन आकड्यांत सांगितले जाते, ते याच कारणाने.

दुसरा गुण थकव्याचा. एका ठरावीक मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा आला तरी पोलाद त्याने थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. तिसरा गुण दुरुस्तीचा. वाकलेली पोलादी फ्रेम पुष्कळदा सरळ करता येते, तुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. अर्थात पातळ क्रोमोली नळीवर फाटक-ग्रिल करणाऱ्याचे वेल्डिंग चालत नाही. तिथे जाणता हातच हवा.

या तिन्ही गुणांना आपल्याकडे एकच शत्रू आहे, तो म्हणजे गंज. गंज चढू लागला की थकव्याची ती सुरक्षित मर्यादाही उरत नाही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यामध्ये राहणाऱ्याने पोलाद निवडावे, पण हे विसरू नये.

आधी हेतू, मग फ्रेम

फ्रेम घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सायकल कुठे चालवायची? तिच्यावर काय वाहायचे? पावसात चालवायची की नाही? रोज कचेरीत जाणे, रविवारी रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर फिरणे आणि वर्षातून एकदोनदा सामान लादून चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढणे, असा हेतू असेल तर शर्यतीची फ्रेम उपयोगाची नाही. तिच्यात रुंद टायर बसत नाही, मडगार्ड बसत नाही आणि कॅरिअर बसवायला भोकेही नसतात. पावसाळ्यात मडगार्ड ही चैन नव्हे. ते नसेल तर मागचे चाक लाल चिखल थेट पाठीवर आणि पुढचे चाक तो चेनवर व बॉटम ब्रॅकेटवर फेकते. म्हणून किमान ३५ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यावर मडगार्ड अशी जागा असलेली, मागे कॅरिअरची भोके असलेली फ्रेम येथे शहाणपणाची.

मापाच्या बाबतीत फ्रेमवर लिहिलेल्या एका आकड्यावर विसंबू नये. आपली आतली तंगडी, म्हणजे अनवाणी उभे राहिल्यावर जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर, सेंटिमीटरमध्ये मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण तेवढी येते. ८० सेंटिमीटरला ती सुमारे ७०.६ सेंटिमीटर होते. ही सुरुवात समजावी, अंतिम सत्य नव्हे. सीटची उंची पुढे बदलता येते. पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मुख्यतः फ्रेमच ठरवते. म्हणून वरच्या नळीची परिणामी लांबी पाहणे अधिक महत्त्वाचे. ज्या सायकलीवर आपण आज सुखाने बसतो तिचे हे अंतर मोजून नव्या फ्रेमशी ताडून पाहावे.

पाच आकडे कागदावर लिहा

फ्रेम हाती आली की कोणताही भाग मागवण्यापूर्वी पाच मापे कागदावर लिहावीत. पुढची सारी खरेदी या कागदाशी ताडूनच करावी.

पहिले, पुढच्या डोक्याच्या नळीचा आतला व्यास. आजच्या बहुतेक पोलादी फ्रेममध्ये तो ३४ मिलिमीटर असतो आणि त्यात २८.६ मिलिमीटर दांड्याचा फोर्क बसतो. जुन्या फ्रेममध्ये दांडा २५.४ मिलिमीटरचा असू शकतो, आणि मग हेडसेट, फोर्क व स्टेम हे तिन्ही बदलतात.

दुसरे, बॉटम ब्रॅकेटची नळी. इंग्रजी पद्धतीची नळी ६८ मिलिमीटर रुंद आणि आटे असलेली असते. यात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तो कप घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट होतो. इटालियन पद्धतीत रुंदी ७० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. हा फरक न कळता जोर लावला तर नव्या फ्रेमचे आटे पहिल्याच दिवशी मोडतात.

तिसरे, सीटच्या दांड्याचा व्यास. २७.२ मिलिमीटर हे चांगल्या पोलादी फ्रेमचे नेहमीचे माप. येथे ०.२ मिलिमीटरचा फरकही चालत नाही. लहान दांडा हळूहळू खाली सरकतो, आणि मोठा ठोकून बसवू गेल्यास नळी फाकते.

चौथे, मागच्या चिमट्याचे अंतर, म्हणजे चाकाचा हब जिथे बसतो ती जागा. जुन्या रस्त्याच्या सायकलींत ते १२६, नंतरच्यांत १३० आणि डोंगरी व प्रवासी सायकलींत १३५ मिलिमीटर असते. आरपार धुरीच्या नव्या फ्रेममध्ये ते बहुधा १४२ असते. पोलादाची एक सोय अशी की १२६ ची फ्रेम जाणत्या कारागिराकडून १३० पर्यंत फाकवता येते. अॅल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये.

पाचवे, ब्रेकची जात. डिस्क ब्रेकसाठी फ्रेम आणि फोर्क या दोहोंवर जोडणीच्या जागा असाव्या लागतात. त्या नसतील तर डिस्कचा विचार सोडून द्यावा. रिमवरच्या ब्रेकसाठी फोर्कच्या भोकापासून रिमपर्यंतचे अंतर मोजावे लागते. नेहमीचे कॅलिपर ३९ ते ४९ मिलिमीटर किंवा ४७ ते ५७ मिलिमीटर अंतरासाठी बनवलेले असतात.

चाके : येथे कंजूषी नको

साऱ्या भागांत सर्वाधिक पैसा कुठे घालावा, असे कोणी विचारले तर उत्तर चाके हे आहे. ओझे वाहणाऱ्या सायकलीला मागे ३६ आरे असावेत. पुढे ३२ पुरतात. रिमचा व्यास ठरवताना टायरवर छापलेला तीन आकडी अंक पाहावा. ६२२ म्हणजे ज्याला ७०० सी म्हणतात ते चाक. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या सायकलीचे २८ इंची चाक ६३५ चे असते. नावे जवळची वाटली तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

आरे बसवून चाकाचा ‘आउट’ काढणे ही कला आपल्याकडच्या जुन्या सायकलवाल्यांच्या बोटांत आहे. नव्या चाकातील आरे पहिल्या काही फेऱ्यांत बसकण घेतात, म्हणून सुमारे शंभर किलोमीटरनंतर चाक पुन्हा त्याच हातांकडे न्यावे. तयार चाक घेतले तरी हा नियम पाळावा.

गिअर आणि घाट

गिअरची निवड पायांनी आणि रस्त्याने ठरवावी. त्याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, गुणिले चाकाचा परीघ. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते. ३२ मिलिमीटर टायरच्या ६२२ च्या चाकाचा परीघ सुमारे २.१५ मीटर असतो. ३५ च्या टायरने तो किंचित वाढतो. पुढे ४६ व ३० दातांच्या दोन चक्र्या आणि मागे ११ ते ३४ दातांचा संच घेतला, तर सर्वांत जड गिअरमध्ये एका फेऱ्यात सुमारे ९ मीटर आणि सर्वांत हलक्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापले जाते. घाटात सामान घेऊन चढणाऱ्याला हा १.९ चा आकडाच तारतो. शर्यतीच्या सायकलीचे जड गिअर दिसायला रुबाबदार असतात, पण त्याची किंमत गुडघे मोजतात.

या निवडीबरोबर मागच्या डिरेलरची क्षमताही तपासावी लागते. ४६ आणि ३० मधला फरक १६, ३४ आणि ११ मधला २३, दोन्ही मिळून ३९ दात. ज्या डिरेलरची क्षमता ३९ किंवा अधिक आहे आणि ज्याला ३४ दातांची चक्री झेपते, तोच घ्यावा. कमी क्षमतेचा घेतला तर चेन एका टोकाला लोंबते किंवा दुसऱ्या टोकाला ताणून तुटते.

गिअर बदलण्याची कळ आणि डिरेलर हे एकाच कुळातले असावेत. कळ एका टकटकीला जितकी तार ओढते, तितक्याच तारेच्या हिशेबाने डिरेलर सरकायला हवा. शिमानोच्या ९ गिअरपर्यंतच्या रस्त्याच्या आणि डोंगरी संचांतील मागचे डिरेलर सामान्यतः एकमेकांशी जुळतात. १० गिअरपासून डोंगरी संचाचे गणित निराळे झाले. म्हणून ज्याला भाग मिसळायचे आहेत त्याने ८ किंवा ९ गिअरची व्यवस्था निवडावी. तिची चेन आणि चक्र्या तुलनेने स्वस्तही असतात.

ब्रेक : जिथे चूक महागात पडते

गिअर जुळले नाहीत तर चिडचिड होते. ब्रेक जुळले नाहीत तर जीव जाऊ शकतो. व्ही-ब्रेकला जितकी तार ओढावी लागते, त्याच्या सुमारे निम्मीच कॅलिपर किंवा जुन्या कँटिलिव्हर ब्रेकला लागते. आता कॅलिपरसाठी बनवलेली कळ व्ही-ब्रेकला जोडली, तर कळ हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी ब्रेक पुरता लागत नाही. उलट केले तर कळ दगडासारखी घट्ट लागते आणि बोटांचा सारा जोर लावूनही सायकल थांबत नाही. दुकानात उभ्या सायकलीवर हा दोष सहज लक्षात येत नाही; अल्तिनोचा उतार उतरताना येतो. म्हणून कळ आणि ब्रेक घेताना हे दोन्ही एकाच जातीचे आहेत का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या लाल मातीचीही येथे दखल घ्यावी लागते. पावसात रिम आणि ब्रेकचे रबर यांच्यामध्ये माती शिरते व कानसीसारखी रिमची भिंत खात जाते. अनेक रिमवर झिजेची खूण म्हणून बारीक खाच असते. ती पुसली गेली की रिम बदलावी. भर पावसात रोज सायकल चालवणाऱ्याने डिस्क ब्रेकची सोय असलेली फ्रेम घेतल्यास ही झीज टळते.

जुळवणीचा क्रम

नव्या फ्रेमवर थेट भाग चढवू नयेत. रंगाचे थर आट्यांत आणि नळ्यांच्या तोंडांवर साचलेले असतात. बॉटम ब्रॅकेटचे आटे साफ करून घेणे आणि त्या नळीची व डोक्याच्या नळीची तोंडे समतल करून घेणे, ही दोन कामे योग्य हत्यारे असलेल्या दुकानातच करावीत. तोंडे तिरपी राहिली तर नवे बेअरिंगही लवकर खराब होते.

यानंतर गंजाचा बंदोबस्त. फ्रेमचा रंग बाहेरून असतो. नळ्यांची आतली भिंत उघडीच असते. पाणी सीटच्या दांड्याच्या फटीतून आत उतरते आणि बॉटम ब्रॅकेटच्या नळीत साचते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल नळ्यांत ओतून, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवून, जादा तेल गाळून काढावे आणि दोनचार दिवस सुकू द्यावे. आत त्याचा पातळ, चिवट थर बसतो. एक इशारा मात्र पाळायलाच हवा. या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी पाणी निथळायला भोक असेल तर ते कायम मोकळे ठेवावे.

मग हेडसेट दाबून बसवावा आणि फोर्क चढवावा. फोर्कचा दांडा कापण्याची घाई करू नये. आधी चकत्या लावून काही दिवस चालवून पाहावे, हँडलची उंची मनाजोगी ठरली की मगच कापावे. कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही. वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधील ढिलाई घालवण्यापुरता असतो. हँडल धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. टोपी आधी, बाजूचे बोल्ट नंतर, हा क्रम चुकवू नये.

त्यानंतर बॉटम ब्रॅकेट, क्रँक, चाके, ब्रेक, डिरेलर आणि शेवटी चेन. चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रीवरून गुंडाळावी आणि जिथे टोके भेटतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या, अधिक ठेवाव्यात. डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते, हे लक्षात असू द्यावे. स्टेमच्या लहान बोल्टना ५ ते ६ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, तर मागच्या चक्र्यांच्या संचाला ४० च्या आसपास. अंदाजाने आवळणारा बहुधा लहान बोल्ट जास्त आणि मोठे कमी आवळतो. मोजून आवळणारा पाना उसना मिळाला तरी आणावा.

आणि ग्रीस. पोलादी नळीत अॅल्युमिनियमचा सीटदांडा कोरडा बसवला तर खाऱ्या ओलाव्यात दोन्ही धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन दांडा जणू वितळून चिकटल्यासारखा अडकतो. माझ्या पहिल्या चांगल्या सायकलीत हेच घडले. दोन पावसाळे दांडा हलवला नाही. तिसऱ्या वर्षी तो करवतीने आतून कापत काढावा लागला, आणि त्या खटाटोपात नळीला ओरखडा पडला तो पडलाच. चमचाभर ग्रीसने हे टळले असते. आता दर तीन महिन्यांनी दांडा काढतो, पुसतो, ग्रीस लावून पुन्हा बसवतो.

हिशेब काय सांगतो?

स्वतः जुळवलेली सायकल स्वस्त पडते, हा भ्रम आहे. कारखाना शेकडो भाग एकदम घेतो, आपण एकेक घेतो. काही परदेशातून मागवले तर सीमाशुल्कही आले. तेवढ्याच पैशांत तयार सायकल बहुधा हलकी आणि अधिक चकचकीत मिळते. वजनाचा अभिमान मिरवायचा असेल तर हा मार्ग नाही.

मिळते ते वेगळेच. आपल्या सायकलीतील प्रत्येक बोल्ट कुठे आणि का आहे, हे आपल्याला ठाऊक असते. घाटात काही बिघडले तर माणूस हतबल होत नाही. चाके झिजली तर चाके बदलतात, गिअर जुने झाले तर गिअर. फ्रेम तीच राहते. उद्या मुलाला किंवा मुलीला ती हवीशी वाटली तर स्टेम आणि सीट बदलून तीच फ्रेम पुढच्या पिढीकडे जाऊ शकते.

पोदेराच्या सायकलीपाशी परत येऊ. तिच्यात महागडे असे काहीच नाही. पण ती कामाला जुळलेली आहे आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होते. नवी फ्रेम घेणाऱ्याने आपल्या कागदावरच्या पाच आकड्यांखाली हे दोन निकषही लिहून ठेवावेत. जून उजाडण्यापूर्वी मडगार्ड चढलेले असावे, सीटदांड्याला ग्रीस लागलेले असावे आणि समुद्रकाठाहून परतल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुण्याची सवय अंगी पडलेली असावी. एवढे सांभाळले तर पोलाद आपले काम चोख करते.